कंस केलेले नाव
अंधेरी-बोरिवलीच्या पुष्कळ घरांत गावाकडच्या जमिनीचा जुना सातबारा जपून ठेवलेला असतो. तो नीट पाहिला म्हणजे ध्यानात येते की, ज्याचा हक्क संपला त्याचे नाव पुसलेले नसते. त्याला कंस केलेला असतो. शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो, आणि तो फेरफार नोंदवहीत काढला की बदल कशाने झाला ते कळते.

संगणकातही नोंदी तक्त्यांतच राहतात. परंतु काम करताना तक्त्यातली ओळ ‘वस्तू’ म्हणून स्मृतीत उचलतात. तक्ता आणि वस्तू यांची सांगड घालणारे हायबरनेट हे साधन २००१ साली निघाले. ते उचललेल्या वस्तूची मूळ स्थिती बाजूस ठेवते, जतन करताना दोहोंची तुलना करते, आणि फरक आढळल्यास सहसा ओळीचे सगळेच रकाने पुन्हा लिहिते. घोटाळा येथेच होतो.

समजा, एकाच मिळकतीची ओळ दोन कारकुनांनी एकाच वेळी उचलली. पहिल्याने मयताच्या मुलीचे नाव वारस म्हणून घातले व जतन केले. दुसऱ्याने मागाहून बँकेचा बोजा चढविला. त्याच्या प्रतीत मुलगी नव्हतीच. त्यामुळे त्याची ओळ लिहिली जाताच तिचे नाव गेले. खोडले कोणीच नाही, तरी गेले!

यावर उपाय म्हणून ओळीत आवृत्तीचा एक रकाना ठेवतात. दोघांनी ओळ उचलली तेव्हा आवृत्ती ७ होती. पहिल्याचे जतन होताच ती ८ झाली. दुसऱ्याची आज्ञा जाते ती ‘आवृत्ती ७ असेल तरच लिही’ अशी. तशी ओळ सापडत नाही, आणि तो अडतो. आता त्याने नोंद पुन्हा उचलावी, मुलीचे नाव पाहावे, मग बोजा चढवावा. याला आशावादी कुलूप म्हणतात. नोंद अडकवून चहाला गेलेल्या कारकुनाची वाट पाहण्यापेक्षा हे आम्हांस बरे वाटते.

परंतु ८ हा आकडा बदल झाला एवढेच सांगतो. आधी काय होते हे सांगत नाही. त्यासाठी फेरफारासारखी निराळी वही हवी. हायबरनेटच्या जोडीचे एन्व्हर्स ती ठेवते: प्रत्येक बदलाची प्रत वेगळ्या तक्त्यात, क्रमांकासह. मात्र महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे संबंधितांना कळवून, हरकत ऐकून, मगच नोंद प्रमाणित करावयाची असते. एन्व्हर्स त्या मुलीला नोटीस धाडत नाही; ती व्यवस्था कार्यक्रम लिहिणाऱ्यालाच करावी लागते.