‘एन्क्लेव्ह’: किल्ली, प्रदेश आणि वसाहत

दक्षिण दिल्लीतील ‘मुनिरका एन्क्लेव्ह’ या पाटीवरचा दुसरा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला असून, त्याच्या मुळाशी ‘क्लाविस’, म्हणजे किल्ली, हा लॅटिन शब्द आहे. त्यामुळे ‘कुलूपबंद केलेले’ हा त्याचा मूळ भाव ठरतो. राज्यशास्त्रात जो भूभाग चहूबाजूंनी परक्या सत्तेच्या प्रदेशाने वेढलेला असतो त्यास ही संज्ञा लावतात. १९५४ मध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालेले, आणि ज्याच्या मुक्तिलढ्यात संगीतकार सुधीर फडकेही उतरले होते ते दादरा व नगर हवेली हे याचे मराठी वाचकास जवळचे उदाहरण होय. तेथे जाण्यायेण्याच्या हक्कावरून पोर्तुगालने भारताविरुद्ध गुदरलेल्या दाव्याचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० मध्ये दिला. भूशास्त्रात अग्निजन्य खडकात अडकलेल्या परक्या खडकाच्या तुकड्यालाही हेच नाव आहे.

दिल्लीत मात्र हा शब्द घरबांधणीच्या व्यवहारात शिरला आणि परकेपणाचा अर्थ गळून नुसती प्रतिष्ठा तेवढी उरली. गंमत अशी की, मूळ अर्थ शेजारच्या मुनिरका गावालाच अधिक शोभतो: रामकृष्णपुरम, वसंत विहार आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ यांच्यामध्ये सापडलेले हे जुने गाव ‘लाल डोऱ्या’त, म्हणजे महसुली नकाशावर तांबड्या रेघेने आखलेल्या गावठाणाच्या हद्दीत वसलेले असून, तेथील अरुंद गल्ल्यांतून समोरासमोरचे सज्जे एकमेकांना जवळजवळ टेकलेले दिसतात.