‘प्लेट तेवढी बदला’ म्हणणाऱ्यांसाठी

पिकअपचा क्लच घसरायला लागला की मालकाच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं, ‘प्लेट तेवढी बदला, बाकी सगळं ठीक आहे.’ गॅरेजवाल्याला हे सांगितलं जातंच, आणि हल्ली व्हिडिओ बघून अंगणातच गाडी उघडायला बसलेली मंडळी स्वतःचीही तीच समजूत घालतात. प्लेट स्वस्त, पूर्ण सेट महाग, मग जास्तीचे पैसे कशाला? हिशोब ऐकायला सरळ वाटतो, पण तो साफ चुकीचा आहे. तो पुन्हा पुन्हा ऐकून राग येतो, कारण नुकसान होतं ते त्या गाडीवर पोट असलेल्या माणसाचंच.

आधी कष्टांचा हिशोब करू. मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या कुठल्याही पिकअपमध्ये किंवा छोट्या ट्रकमध्ये क्लच असतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. तिथं पोचायचं तर प्रोपेलर शाफ्ट सोडा, गिअर लिव्हर काढा, स्टार्टर आणि क्लचचा खालचा सिलिंडर बाजूला करा, गिअरबॉक्सखालचा आडवा पट्टा उतरवा, मग बेल हाउसिंगचे बोल्ट सोडून अख्खा गिअरबॉक्स मागे ओढून खाली घ्या. घरी पहिल्यांदाच करणाऱ्याचा दिवस यातच जातो. त्यानंतर प्रेशर प्लेटचे बोल्ट सोडले की क्लच प्लेट हातात येते, त्याला वेळ असा लागतच नाही. म्हणजे वाचवायला निघालात सुट्या भागाचे पैसे, आणि डावावर लावलेत ते सगळे कष्ट. काही महिन्यांनी जुनं रिलीज बेअरिंग ओरडायला लागलं, तर तेवढंच सगळं पुन्हा उतरवायचं.

आता मुख्य मुद्दा. क्लच प्लेट एकटी काम करत नाही. तिच्या एका बाजूला फ्लायव्हील असतं, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट, आणि ती दोघांमध्ये दाबून धरलेली असते. प्लेट घसरते तेव्हा तिघांवरही घर्षण होतं आणि तिघंही तापतात. कसाऱ्याच्या घाटात कांद्याने भरलेली गाडी ब्रेक न लावता हाफ क्लचवर धरून ठेवली, की ती उष्णता या दोन लोखंडी चेहऱ्यांवरच उतरते. गिअरबॉक्स खाली आल्यावर त्यांच्याकडे नीट बघा. निळसर-काळे डाग दिसतील, केसासारख्या बारीक चिरा दिसतील, कधी प्लेटच्या रिव्हेटांनी कोरलेल्या गोल खाचा दिसतील. डाग पडलेल्या ठिकाणी बीड जास्त तापून मग झपाट्याने थंड झालेलं असतं. तिथं ते आजूबाजूपेक्षा कडक होतं आणि वेगळ्या गतीने झिजतं. अशा चेहऱ्यावर नवी प्लेट बसवली तर ती फक्त उंचवट्यांवर टेकते, तेवढाच भाग तापतो, लायनिंगवर काचेसारखी चमक येते आणि गाडी उचलताना थरथरायला लागते. वाकड्या पोळपाटावर नवं लाटणं आणून पोळी सारखी लाटता येत नाही, तसंच हे.

‘डोळ्यांना तर ठीक दिसतंय’ असं कोणी म्हणालं, तर मोजून बघावं. टोयोटाच्या दुरुस्ती पुस्तिकांमध्ये मर्यादा स्पष्ट दिलेल्या आहेत. लायनिंगच्या पृष्ठापासून रिव्हेटचं डोकं किमान ०.३ मिमी खोल असलं पाहिजे, फ्लायव्हीलचा डगमगाट जास्तीत जास्त ०.१ मिमी चालतो, आणि प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या पाकळ्यांवर बेअरिंगने पाडलेली खाच ०.६ मिमीपेक्षा खोल नको. तुमच्या गाडीचे आकडे तिच्याच पुस्तिकेतून घ्यावेत, पण अंदाज यावरून येईल. बिघाड मिलिमीटरच्या दशांशात असतो. तो नुसत्या नजरेने किंवा बोटाने मोजता येत नाही. त्यासाठी सरळ पट्टी, फीलर गेज आणि डायल गेजच लागतो.

आणि ज्या पाकळ्यांवर पेडलचा दाब येतो, त्याही थकतात. प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, पाकळ्या गिअरबॉक्सच्या दिशेने वर येतात आणि स्प्रिंगचा कोन बदलतो. पेडल हळूहळू जड होत गेलं, तर बऱ्याचदा कारण हे असतं. लोक मात्र वायरला तेल घालत बसतात.

म्हणूनच लूक, साक्स, व्हालिओ या क्लच बनवणाऱ्या कंपन्या प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एका खोक्यात सेट म्हणून विकतात. यात कंपनीचा धंदा आहे हे खरंच. पण एकदा गिअरबॉक्स खाली आल्यावर तिन्ही भाग बदलण्यात तुमचा फायदा त्यांच्यापेक्षा जास्त आहे. फ्लायव्हील सेटमध्ये येत नाही. त्याला लेथवर फेस मारून घ्या, डाग आणि चिरा गेल्या नाहीत तर बदला. त्याला पायरी असेल तर दोन्ही पातळ्या सारख्याच उतरवायला लेथवाल्याला बजावून सांगा, नाहीतर प्लेटवरचा दाब बदलतो. प्रेशर प्लेटला मात्र फेस मारून वापरू नका. तिची जाडी कमी झाली की स्प्रिंगची ताकदही कमी पडते. रिलाइन करून मिळणाऱ्या प्लेटचंही तसंच आहे. लायनिंग नवं असतं, पण मधल्या लवचिक पत्र्याचा आणि हबच्या स्प्रिंगांचा थकवा तसाच राहतो.

याच पठडीतला दुसरा समज म्हणजे ‘गिअर पडत नाही, म्हणजे प्लेट गेली.’ घसरणं आणि न सुटणं हे दोन वेगळे आजार आहेत. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं आणि गाडी त्या मानाने पळत नाही, तेव्हा क्लच घसरतोय. पेडल पूर्ण दाबूनही गिअर घासत पडतो, तेव्हा क्लच सुटत नाहीये, आणि हायड्रॉलिक क्लचमध्ये त्याचं कारण बऱ्याचदा गळका सिलिंडर किंवा आत शिरलेली हवा असते. गिअरबॉक्सला पाना लावण्याआधी क्लचच्या फ्लुइडच्या टाकीतली पातळी बघा, खालच्या सिलिंडरचं रबरी कव्हर उचलून आत ओल आहे का बघा. दहा मिनिटांच्या या तपासणीने कितीतरी गिअरबॉक्स खाली उतरायचे वाचतात. टाकीत फक्त पुस्तिकेत लिहिलेलं ब्रेक फ्लुइड जातं. इंजिन ऑइल घातलंत तर सिलिंडरमधली रबरं फुगतात.

प्लेटवर ऑइल आलं असेल तर ती डिझेलने धुऊन परत बसवणारे भेटतात. लायनिंग ऑइल शोषून घेतं, ते धुऊन निघत नाही. आणि ऑइल आलं कुठून, हे शोधलं नाही तर नवा सेटही तसाच भिजणार. क्रँकच्या मागच्या टोकाचं सील आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील, दोन्ही याच वेळी तपासा. रिलीज बेअरिंगही पेट्रोलने धुवायचं नसतं, कारण आत भरलेलं ग्रीस वाहून जातं.

आता ज्या सवयीने खरोखर जीव धोक्यात येतो, तिच्याबद्दल. बेल हाउसिंगमधली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची, ही अनेक ठिकाणची रीत आहे आणि ती घरातही आली आहे. जुन्या गाड्यांच्या आणि बिनखात्रीच्या प्लेटच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाचे क्लच आणि ब्रेकच्या कामासाठी वेगळे नियम आहेत. तिथं हवेने धूळ उडवायला मनाई आहे, आणि छोट्या गॅरेजना धूळ ओली करून पुसायची पद्धत सांगितली आहे. अमेरिकेने तर मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसवर बंदीचा नियम काढला आणि त्यात बाजारात सुटे मिळणारे ब्रेकचे भागही धरले. भारतात ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही, तेव्हा काळजी आपणच घ्यायची. धूळ ओल्या फडक्याने टिपा, फडकं पिशवीत बांधून टाका, मुलांना त्या दिवशी अंगणापासून लांब ठेवा. नवी प्लेट घेताना खोक्यावर ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ लिहिलंय का बघा.

गाडीखाली शिरायच्या आधी ती पक्क्या स्टँडवर बसवा, चाकांना ठोकळे लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नसतो. विटांवर ठेवलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. गिअरबॉक्स छातीवर झेलायची वस्तू नाही. गिअरबॉक्सचा जॅक भाड्याने आणा आणि एक माणूस सोबत ठेवा.

गिअरबॉक्स चढवताना ‘शाफ्ट आत गेला आहे, जरा लटकू दे, तोवर बोल्ट शोधतो’ असं करू नका. तेवढ्या वजनाने नव्या प्लेटचा हब वाकतो आणि पहिल्या दिवसापासून क्लच सुटत नाही. बेल हाउसिंग इंजिनला हाताने टेकली पाहिजे, बोल्टने खेचून टेकवायची नाही. टेकत नसेल तर बहुधा प्लेट मध्यावर नाही. तेव्हा प्रेशर प्लेट ढिली करा आणि मध्य साधायचा प्लास्टिकचा दांडा घालून पुन्हा बसवा. प्लेटवर ‘फ्लायव्हील साइड’ असं लिहिलेलं असतं, ते वाचा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा, शेवटी टॉर्क पान्याने. शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा पुसट हात पुरे, जास्तीचं ग्रीस फिरताना थेट लायनिंगवर उडतं.

उरलेले समज थोडक्यात. क्लचला किलोमीटरची ठरावीक मुदत नसते. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांमध्ये चालवणाऱ्याच्या पायानुसार दुपटीपेक्षा जास्त फरक पडतो. ज्या क्लचला वायर आहे आणि मोकळी चाल ठेवायला सांगितली आहे, त्यात पेडलची ती चाल शून्य करणं म्हणजे ‘टाइट क्लच’ नव्हे. त्याने बेअरिंग सतत टेकलेलं राहतं आणि प्लेट घसरते. घसरतोय का ते बघायला हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायची परीक्षा एकदाच करावी, पुन्हा पुन्हा केली तर चांगला क्लचही जळतो.

आणि नवा सेट बसवल्या संध्याकाळीच पूर्ण भार भरून घाट चढायचा नाही. नव्या लायनिंगला आणि फेस मारलेल्या फ्लायव्हीलला एकमेकांवर सगळीकडून टेकायला वेळ लागतो. पहिले काही दिवस गावातल्या फेऱ्या, हलका भार आणि हाफ क्लच अजिबात नाही, एवढं पाळायचं.