दिवसा नोकरी, रात्री तालीम

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्कर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करत होते. पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहून त्यांना ईर्ष्या चढली, असं सांगतात. मराठी संगीत नाटक पुण्यात उभं राहिलं ते कचेरी सुटल्यावरच्या वेळात, हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण या शहराच्या नाटकाचा स्वभाव पुढंही फारसा बदललेला नाही.

मधे धंदेवाईक मंडळ्यांचा काळ येऊन गेला. 1913मध्ये बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी निघाली. भरजरी शालू, अत्तरं, पहाटेपर्यंत चालणारे प्रयोग आणि त्याबरोबर वाढत गेलेलं कर्ज. 1932च्या सुमारास बोलपट आला आणि मंडळ्यांची घडी विस्कटली. नाटक तगून राहिलं ते हौशी लोकांमुळे. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर त्यांचंच. तिथंच 1963पासून महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू झाली. कॉलेजची पोरं, एकांकिका आणि पडदा उघडण्याआधी ‘आव्वाज कुणाचा’च्या आरोळ्या. परीक्षकांच्या निकालावर इतकी भांडणं दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत होत असतील असं वाटत नाही.

या वातावरणात तयार झालेल्यांनी 16 डिसेंबर 1972ला भरतमध्येच ‘घाशीराम कोतवाल’ केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. विजय तेंडुलकरांची संहिता, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. नेपथ्य म्हणाल तर माणसांचंच. धोतर-उपरण्यातली पुरुषांची एक रांग गात, डोलत प्रेक्षकांसमोर उभी राहते. पाठ फिरवली की भिंत होते, फाकली की मागचा प्रसंग उघडा पडतो. कीर्तन, खेळे, दशावतार यांतलं सगळं त्या रांगेत होतं आणि तरी असं काही आधी कुणी पाहिलेलं नव्हतं.

नाटकातलं नाना फडणवीसांचं चित्रण पुण्याला झोंबलं. 19 प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं, म्हणजे मूळ संस्थेनंच, नाटक थांबवलं. नाटकातली मंडळी बाहेर पडली, मार्च 1973मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि जानेवारी 1974मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा सुरू केलं. त्याच वर्षी सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ आलं. आळेकर तेव्हा बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत. 1980मध्ये ‘घाशीराम’ युरोपला निघालं तेव्हा विरोध कोर्टापर्यंत गेला. एरवी रजेचा अर्ज मंजूर करून घेणं हेच या नटांचं मोठं संकट असायचं!

त्याआधीच, 26 जून 1968ला, बालगंधर्व रंगमंदिर सुरू झालं. भूमिपूजन 1962मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालेलं. उद्घाटन पाहायला मात्र ते राहिले नाहीत. पुढं कोथरूड, बिबवेवाडी, चिंचवड इथंही मोठी नाट्यगृहं झाली. तिथं शनिवार-रविवारी बहुतेक मुंबईची व्यावसायिक नाटकं लागतात. नव्या पुणेरी नाटकाला एवढ्या खुर्च्या नको असतात, परवडतही नाहीत. त्याला हवी असते तालमीची जागा, आणि नेमकी तीच मिळत नाही. म्हणून ते शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर वाढलं, अलीकडे एरंडवण्यातल्या ‘द बॉक्स’मध्ये. मोहित टाकळकरांची ‘आसक्त’, पुरुषोत्तममधून पुढं आलेल्यांची ‘नाटक कंपनी’ ही नावं या छोट्या जागांशिवाय घेता येत नाहीत.

गेली काही वर्षं ‘बालगंधर्व’ पाडून नवं संकुल बांधायचं की नाही यावर वाद चालू आहे. आराखड्यात मोठी प्रेक्षागृहं आणि पार्किंग यांचा विचार झाला नाही असं नाही. तालमीच्या चार साध्या खोल्या, रात्री अकरापर्यंत उघड्या, परवडणाऱ्या भाड्यात, ही मागणी मात्र जुनीच आहे. तूर्त पोरं कुणाच्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये तालमी करतात आणि शेजाऱ्यांनी दार वाजवलं की आवाज खाली आणतात.