पेनड्राइव्हवरचं लग्न टीव्हीवर का अडतं?

एमपी४ हे नुसतं खोकं. आत चित्र कोणत्या कोडेकने दाबून भरलंय, यावर टीव्हीचं चालणं-अडणं ठरतं. घरी एडिट केलेला व्हिडिओ एच.२६४, १९२०×१०८० आणि एएसी आवाज असा एक्स्पोर्ट केला, की बहुतेक टीव्ही तो निमूट घेतात. नवरी दिसते पण सनई मुकी, असं झालं तर आवाजाचा कोडेक बदलून पाहावा.

फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीची फाइल मावत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी! ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की अडचण सुटते. काही जुने टीव्ही मात्र तो ओळखतच नाहीत. मग फॅट३२च ठेवून व्हिडिओचे तुकडे करावेत. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी कॉपी काढून ठेवावी.

आणि फाइल फुगवत बिटरेट ५० एमबीपीएस ठेवण्याची हौस कशाला? १०८०पीला १५ पुरतो.