पायरीवरचं सैन्य कोणत्या सालचं?

नवरात्रात म्हैसूरच्या जुन्या घरांतून गोंबे मांडतात. पायऱ्या विषम संख्येच्या, त्यांवर स्वच्छ कापड, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर रक्तचंदनी लाकडाची राजा-राणीची जोडी. हे ‘पट्टद गोंबे’. मुलीच्या लग्नात माहेराहून ही जोडी दिली जाते आणि दर नवरात्रात तिला नवे कपडे शिवले जातात. खालच्या पायऱ्यांवर देव, दशावतार, रामाचा पट्टाभिषेक, मग वाणी, भाजीवाली, लग्नाची पंगत. या सगळ्यांत लहान मुलं रेंगाळतात ती दसऱ्याच्या मिरवणुकीपाशी. पुढे निशाणाचा हत्ती, मागे बँडवाले, भालाईत घोडेस्वार, एका साच्यातून निघालेलं पायदळ, चोपदार, आणि शेवटी अंबारी पाठीवर घेतलेला हत्ती.

हे सैन्य कोणत्या काळातलं? दसऱ्याचा हा सोहळा राजा वडियार यांनी श्रीरंगपट्टणात १६१० मध्ये सुरू केला, आणि त्याचं मूळ विजयनगरच्या महानवमीत. पण पायरीवरच्या शिपायाच्या अंगात गळाबंद कोट आहे, कमरेला पट्टा आहे, पायांत विजार आहे. हा १६१० चा शिपाई नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, नाल्वडी कृष्णराज वडियारांच्या अमदानीतला हा शिपाई आहे. म्हैसुरात त्याची मोठी आवृत्तीही पाहायला मिळते. १८९७ मध्ये लाकडी राजवाडा जळाल्यावर हेन्री आयर्विनच्या आराखड्याने उभा राहिलेला सध्याचा राजवाडा १९१२ मध्ये पुरा झाला. त्याच्या कल्याणमंटपाच्या भिंतींवर १९३० च्या दशकातली दसऱ्याची मिरवणूक रंगवलेली आहे. चित्रकारांनी छायाचित्रं समोर ठेवून काम केलं, त्यामुळे कोणत्या तुकडीचा कोट कोणता, निशाण कोणतं, हत्तीवरची झूल कशी, सगळं जिथल्या तिथे. याच राजवाड्यात ‘गोंबे तोट्टी’ म्हणजे बाहुल्यांचं दालन आहे. तिथे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या बाहुल्या ठेवल्या आहेत.

माझ्या मते खेळण्यातल्या सैन्याच्या काळनिवडीचं अर्धं उत्तर या भिंतींवरच मिळतं. ज्या काळाचे कपडे नीट ठाऊक आहेत, तोच काळ साच्यात उतरतो. संग्राहकांना विचारलं की ते शौर्य, इतिहासप्रेम, पराक्रमी सेनापती अशी कारणं सांगतात. ती खोटी नसतात, पण मागाहून आलेली असतात. आधी येतो गणवेश.

युरोपातला या छंदाचा इतिहास हेच सांगतो. अठराव्या शतकात न्यूरेंबर्गच्या हिल्पर्ट घराण्याने कथलाचे चपटे शिपाई ओतायला घेतले आणि ते फ्रेडरिक द ग्रेटच्या सैन्याचे होते. फ्रेडरिक तेव्हा हयात होता. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाचे पोकळ शिपाई आणले. शिसं साच्यात ओतायचं, बाहेरचा थर गोठला की आतलं पातळ शिसं परत ओतून टाकायचं. धातू कमी लागला, शिपाई हलका झाला, आणि भरीव जर्मन शिपायांपेक्षा स्वस्त पडला. त्यांचा पहिला संच होता राणीच्या लाइफ गार्ड घोडेस्वारांचा. मग बोअर युद्ध पेटलं तसे बोअर आले. हिंदुस्थानी फौजेचेही संच निघाले. बॉम्बे लान्सर्स, मद्रास नेटिव्ह इन्फंट्री, स्किनर्स हॉर्स असे, प्रत्येकाचा कोट आणि फेटा वेगळ्या रंगाचा. विकत घेणाऱ्या पोराच्या लेखी हा इतिहास नव्हताच. वर्तमानपत्रात कालच वाचलेली ती बातमी होती. १९६६ मध्ये ब्रिटनच्या कारखान्याने शिशाचं ओतकाम थांबवलं, प्लास्टिक आलं, आणि आज वयस्क संग्राहक ज्याला ‘व्हिक्टोरियन काळ’ म्हणून लिलावात बोली लावतो, तो काळ त्या खेळण्याच्या जन्मवेळी चालू महिना होता.

म्हैसूरच्या मिरवणुकीचंही तसंच. पहिल्यांदा ती बाहुली घडवणाऱ्याने दरवर्षी रस्त्यावरून जाणारी पलटणच घडवली. राजेशाही गेली, तनखे गेले, अंबारीत राजाऐवजी चामुंडेश्वरीची मूर्ती बसू लागली. पायरीवरच्या पलटणीने मात्र कोट बदलला नाही. आजीच्या पेटीतून नातीच्या पेटीत जाताना ती आपोआप ऐतिहासिक झाली. अशा घरांत काळ कुणी निवडलेला नसतो, तो वारशाने आलेला असतो.

या पलटणीतले शिपाई नुसते शोभेचे होते असं मात्र कुणी समजू नये. २३ सप्टेंबर १९१८ ला पॅलेस्टाइनमधल्या हैफा शहरावर जोधपूर लान्सर्स आणि म्हैसूर लान्सर्स यांनी भाले घेऊन, घोड्यांवरून, मशीनगनच्या माऱ्यात हल्ला केला आणि शहर घेतलं. दिल्लीच्या तीनमूर्ती चौकातले तीन पुतळे म्हणजे जोधपूर, हैदराबाद आणि म्हैसूर या तीन संस्थानांचे भालाईत. पायरीवर बँडच्या मागे उभ्या असलेल्या भालेवाल्याची खरी गोष्ट इथे आहे. पण हैफाची लढाई गोंबेच्या पायरीवर आलेली मी पाहिली नाही. पायरीला मिरवणूक लागते, लढाई चालत नाही. सणाच्या दिवशी देवीसमोर मेलेले घोडे कोण मांडेल?

आता उत्तरेकडे या. म्हैसूर आज ज्या राज्यात आहे त्याच राज्यात, पण आपल्या मराठी माणसांच्या बेळगावात, दिवाळीत मुलं किल्ले करतात आणि ते पुण्या-साताऱ्याच्या किल्ल्यांना मान खाली घालायला लावतील असे करतात. गल्लीचं गल्ली मंडळ राबतं. दगड, विटा, गोणपाट, वर लाल मातीचा गिलावा, उतारावर पेरलेले अळीव, पायथ्याशी आरशाच्या काचेचं तळं, गुहेत वाघ. पुण्यात मावळे आणायला कुंभारवाड्यात जायचं. एका पाटीत बसलेले महाराज, दुसरीत तुतारीवाले, तिसरीत ढाल-तलवारवाले मावळे, आणि कोपऱ्यात गवळणी, शेतकरी, बैलगाडी. पोरं त्यात घरातलं जुनं विमान नि प्लास्टिकची बंदूकधारी हिरवी फलटणही घुसडतात, आणि मोठी माणसं ‘असू दे रे’ म्हणतात.

मावळा या सगळ्या शिपायांहून वेगळा आहे, आणि माझ्या लेखाचा मुद्दा इथेच आहे. ब्रिटनच्या कारखान्याचा लान्सर आणि म्हैसूरचा भालाईत चालू काळातून साच्यात आले. मावळा तसा आला नाही. तो मुद्दाम मागे जाऊन आणावा लागला. त्यात अडचण अशी की त्याला गणवेश नव्हता. सभासदाच्या बखरीत घोडदळाची रचना येते. सरकारी घोडा असलेला तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, आणि पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. शिलेदार आपल्या पदरचं हत्यार, आपल्या पदरचं पागोटं घेऊन यायचा. एका रांगेत उभे केले तर दोघांचे कपडे जुळायचे नाहीत. कुंभाराच्या साच्याला मात्र एकसारखेपणा लागतो. म्हणून आपला मावळा शतकापूर्वीच्या चित्रकारांनी आणि नंतर भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांनी ठरवून दिलेल्या वेशात उभा राहिला. तुमान, अंगरखा, कमरेला शेला, डोक्याला मुंडासं. इतिहास म्हणून हा वेश कच्चा आहे. खेळणं म्हणून पक्का.

मग एवढी अडचण सोसून शिवकालच का? पेशवाई जवळची होती. तिचे कागद भरपूर, वाडे उभे, पोषाखाची माहिती कितीतरी अधिक. तरी पानिपत मांडणारा मुलगा मला आजवर भेटलेला नाही. पराभव कोण मांडेल, हे एक कारण झालं. पण खर्डा मांडणाराही भेटत नाही, आणि तिथे तर विजय होता. माझं उत्तर जमिनीत आहे. पेशव्यांची युद्धं मैदानातली, घोड्यांची, शेकडो कोसांची. अंगणात मैदान मांडलं तर ते अंगणच दिसतं. शिवाजी महाराजांचं राज्य डोंगरावरचं, आणि मातीचा ढीग केला की तो डोंगर होतोच. हातातली वस्तूच काळ ठरवते. पायरीला दरबार शोभतो म्हणून म्हैसुरात दरबार आणि मिरवणूक. ढिगाऱ्याला किल्ला शोभतो म्हणून आपल्याकडे शिवकाल. टेबलाच्या सपाट फळीवर रांगा शोभतात म्हणून युरोपात नेपोलियनची युद्धं, चौकोनी तुकड्या आणि रंगीत कोट.

नेपोलियनच्या युद्धांचं वेड युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांत अजून आहे, आणि त्याची एक वाट म्हैसूरहून जाते. यॉर्कशरमधल्या ब्रॉन्टे कुटुंबात १८२६ मध्ये वडिलांनी मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. थोरल्या शार्लटने त्यातला एक उचलला आणि त्याचं नाव ठेवलं ड्यूक ऑफ वेलिंग्टन. याच शिपायांच्या गोष्टी लिहिता लिहिता ती भावंडं लेखक झाली. तो वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा तो त्या फौजेत होता. पुढे तिथला अधिकारी होऊन टिपूच्या दर्या दौलत बागेत राहिला, आणि २३ सप्टेंबर १८०३ ला आताच्या जालना जिल्ह्यात असईला त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. यॉर्कशरच्या मुलीला यातलं किती ठाऊक असेल कोण जाणे. तिला वॉटर्लूचा वीर हवा होता.

वॉटर्लूवरून आठवलं. कॅप्टन विल्यम सिबोर्न याने त्या रणांगणाची भलीमोठी प्रतिकृती केली, हजारो कथली शिपाई उभे केले आणि १८३८ मध्ये ती लंडनला लोकांपुढे ठेवली. भांडण निघालं ते वेळेवरून. सिबोर्नने संध्याकाळी सातच्या सुमाराचा क्षण धरला होता, आणि त्या क्षणी प्रशियाचं सैन्य मैदानात आलेलं दिसत होतं. म्हणजे विजयाचा वाटा त्यांनाही गेला. वेलिंग्टनला ते मुळीच रुचलं नाही. शिपाई खरे, मैदान खरं, साल खरं, तरी तास कोणता यावरून सगळं श्रेय इकडचं तिकडे होतं. संग्राहक काळ निवडतो म्हणजे एवढंच निवडतो, कुणाला मैदानात उभं करायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं.

या कसोटीवर म्हैसूर पाहिलं की जे नाही ते ठळक होतं. म्हैसूरच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं युद्धपर्व हैदर आणि टिपूचं. १७६१ ते १७९९. त्या काळाची चित्रं म्हैसूरपासून पंधराएक किलोमीटरवर आहेत. दर्या दौलत बागेच्या पश्चिमेच्या भिंतीवर १७८० ची पोल्लिलूरची लढाई रंगवली आहे. इंग्रजांची चौकोनी फळी, मध्ये पालखीत बसून बोट चावणारा कर्नल बेली, फुटणारी दारूगोळ्याची गाडी, आणि उशिरा आलेल्या निजामाची टर उडवायला गाय व डुक्कर. लढाई मांडायला याहून तयार नमुना कुठे मिळेल! माणसं रांगेत, कोटांचे रंग ठरलेले, प्रसंग विजयाचा. आणि टिपूने घडवून घेतलेलं युद्धाचं खेळणंही आहे. इंग्रजाच्या छातीवर बसलेला लाकडी वाघ, पोटात बाजा, कळ फिरवली की माणूस कण्हतो आणि वाघ गुरगुरतो. तो लुटीत लंडनला गेला आणि १८८० पासून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. वाघाने मारलेल्या एका मन्रोचा चिनीमातीचा पुतळा स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी एकोणिसाव्या शतकात करून विकला आणि इंग्रजांनी तो दिवाणखान्यात ठेवला. म्हणजे टिपूचा काळ शेल्फवर चढला तो विलायतेत.

म्हैसूरच्या पायरीवर तो चढला नाही, कारण पायरी वडियारांच्या सणाची आहे, आणि त्या अडतीस वर्षांत सत्ता वडियारांच्या हातात नव्हती. आजच्या राजकारणाने त्यात आणखी तेल ओतलं आहे, ते वेगळं. पण आपण मराठी माणसांनी फार बोलू नये. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके इंग्रजांच्या बाजूने टिपूवर चालून गेले होते. ती मोहीम मांडणारा किल्ला मी कोणत्याही मराठी अंगणात पाहिलेला नाही. आपल्या ढिगाऱ्यावर शत्रूचे शिपाईही सहसा नसतात. मावळे असतात, पहारे असतात, महाराज असतात. ते कुणाशी लढताहेत हे गावातल्या कुंभाराला विचारलं तर तो हसेल.

आणि आपलं सालही घोटाळ्याचंच. किल्ल्याला पाटी असते ‘प्रतापगड’, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९. माथ्यावर सिंहासन आणि छत्र असतं, म्हणजे रायगड, ६ जून १६७४. दोन्हींत पंधरा वर्षांचं अंतर आहे. खालून पन्हाळ्याच्या वेढ्याची, म्हणजे १६६० ची तोफ लागलेली असते. मला यात पोरांची चूक दिसत नाही. त्यांनी एक साल घेतलेलं नाही, सगळा शिवकाल एकदम घेतला आहे. संग्राहक मात्र मोठी माणसं असतात आणि त्यांना ही सवलत नको.

म्हणून दिवाळीत किल्ला करणाऱ्या मंडळांना एक सुचवतो. गडाच्या नावाच्या पाटीखाली तारीखही लिहा. राजगड लिहिलात तर सिंहासन काढा. प्रतापगड लिहिलात तर पायथ्याला अफजलखानाचा शामियाना उभारा आणि त्याचे शिपाईही करा, कुंभाराकडे नसतील तर मातीचे हातानेच वळा. स्पर्धेच्या परीक्षकांनी पाटीवरच्या तारखेला गुण द्यावेत.