दोन टाळ्यांमधली जागा

१९९३ साली रविवारी सकाळी आमच्या वाड्यातली सगळी पोरं एकाच टीव्हीसमोर जमायची. दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं. मोगली, बगीरा आणि नाना पाटेकरांच्या आवाजात डरकाळ्या फोडणारा शेरखान! ती चित्रं जपानमध्ये काढलेली आहेत, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. मालिका जगात गाजलेली आहे, असंही कुणी सांगितलं नव्हतं. आवडत होती म्हणून आम्ही पाहत होतो, इतकंच.

त्यानंतर जपानी चित्रपटांशी माझी गाठ पडली ती थेट लेक कॉलेजात गेल्यावर. तिनं मोठ्या हौसेनं मला हायाओ मियाझाकी यांचा 'स्पिरिटेड अवे' दाखवला. दहा वर्षांची चिहिरो, तिच्या आईवडिलांची झालेली डुकरं, भुताखेतांचं आणि देवतांचं स्नानगृह, अशी ती गोष्ट. पण चित्रपटाआधी त्याची कीर्तीच माझ्या घरात येऊन बसली होती. २००१ चा हा चित्रपट. २००२ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला विभागून सर्वोच्च पुरस्कार मिळाला, २००३ मध्ये ऑस्कर. जपानमधल्या कमाईचा त्याचा विक्रम २०२० पर्यंत मोडला नव्हता. आता एवढं ऐकल्यावर माणूस काय अपेक्षा करणार? मी अर्ध्यातच घड्याळाकडे पाहिलं. चिहिरो पाण्यावरून जाणाऱ्या आगगाडीत बसली आहे, बाहेर संध्याकाळ होते आहे आणि कितीतरी वेळ काहीच घडत नाही. मी म्हटलं, "नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!"

पुढे तिनं आणखी तीन चित्रपट दाखवले आणि मी तिन्हींचे दोष काढले. शेवटी एकदा तिनं लॅपटॉप मिटला. म्हणाली, "आई, तू सिनेमा बघत नाहीस, पेपर तपासतेस." मी अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे ते वाक्य वर्मी लागलं. त्यानंतर तिनं मला काही दाखवणं बंद केलं. खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून जपानी संवाद ऐकू यायचे. ते मला पुरस्कारांपेक्षा जास्त बोचलं.

मग शिक्षकाची खोड म्हणा, मी जरा माहिती काढायला बसले.

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीसाठी नवं चित्र काढायचं तर माणसं आणि पैसा अफाट लागतो. म्हणून एकच चित्र दोन चौकटींसाठी वापरण्याची पद्धत जुनी आहे. १ जानेवारी १९६३ पासून जपानी टीव्हीवर ओसामु तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा आणि पैसा तुटपुंजा. त्यांनी एक चित्र तीन चौकटींना पुरवलं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. शरीर स्थिर, फक्त ओठ आणि डोळे हलताहेत. काढलेली चित्रं पुन्हा वापरायची. थोडक्यात, काटकसरीचा संसार. पुढे हीच तिथल्या टीव्ही मालिकांची रीत झाली.

'स्पिरिटेड अवे'मधली स्तब्धता मी याच काटकसरीत जमा केली होती. ती माझी चूक. मियाझाकी चित्रं काढताना हात आखडणाऱ्यांतले नव्हेत. २००२ मध्ये अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्ट यांनी त्यांना अशा शांत प्रसंगांबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी काही टाळ्या वाजवून दाखवल्या. दोन टाळ्यांच्या मधे जी रिकामी वेळ असते, तिला जपानी भाषेत 'मा' म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. ती जागा ठेवलीच नाही, तर नुसती धावपळ उरते. आपल्याला हे नवीन वाटायला नको. गाण्याच्या बैठकीत गवई क्षणभर थांबतो, तेव्हा आपण घड्याळ पाहत नाही. (रेडिओवर मात्र मी चार सेकंद गप्प बसले, तर तुम्ही सेट बिघडला म्हणून थापटायला लागाल!)

मग एका रात्री मी एकटीनंच इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' लावला. १९४५ सालचं कोबे शहर, बाँबहल्ल्यात आई गेलेली, चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको. दोघंही उपासमारीनं जातात. हे लपवलेलं नाही. पहिल्याच प्रसंगात मुलगा रेल्वे स्टेशनवर मरतो. मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ ची. त्यांची स्वतःची धाकटी बहीण युद्धकाळात अशीच अन्नावाचून गेली. कथेतल्या भावाइतके आपण तिच्याशी मायेनं वागलो नव्हतो, अशी कबुली त्यांनी नंतर दिली होती. म्हणजे ही कथा एका भावानं मागितलेली माफीच आहे. तिला मी मार्क देणार होते की काय?

तरीही बुद्धी गप्प बसेना. नात्यातली बाई टाकून बोलली म्हणून हा मुलगा लहानगीला घेऊन घराबाहेर का पडतो? नमतं का घेत नाही? मला त्याचा रागच आला. नंतर वाचलं की, ताकाहाता आपल्या चित्रपटाला युद्धविरोधी म्हणायला तयार नसत. जगापासून तुटून राहू पाहणाऱ्या मुलांची ती कहाणी आहे, असं त्यांचं म्हणणं. माझा राग म्हणजे चित्रपट चुकल्याची खूण नव्हती, तो नेमका लागल्याची होती. आणि गंमत पाहा, १९८८ च्या एप्रिलमध्ये हा चित्रपट 'माय नेबर टोटोरो' या मियाझाकींच्या हसऱ्या चित्रपटाबरोबर, एकाच खेळाला जोडून प्रदर्शित झाला होता. 'जपानी ॲनिमेशन' या एका शब्दात ही दोन टोकं बसतात. म्हणून 'मला जपानी चित्रपट आवडतात' किंवा 'आवडत नाहीत' ही दोन्ही वाक्यं सारखीच पोकळ.

याचा अर्थ मी सगळ्यांपुढे हात टेकले, असा नाही. कात्सुहिरो ओतोमो यांचा १९८८ चा 'अकिरा' डोळे दिपवतो, पण दोन हजारांहून अधिक पानांची आणि तेव्हा पुरीही न झालेली चित्रकथा दोन तासांत कोंबल्यामुळे शेवटी काय चाललंय ते कळत नाही. माकोतो शिंकाई यांच्या २०१६ च्या 'युवर नेम'मधलं आकाश विसरता येत नाही. काळाची गुंतागुंत मात्र सोयीपुरती वाटते. आणि मियाझाकींच्या २००४ च्या 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'मध्ये अख्खं युद्ध शेवटच्या काही मिनिटांत गुंडाळलं जातं.

पण आता मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. 'हा चित्रपट वाखाणला गेला तेवढा चांगला नाही' हे चित्रपटाबद्दलचं मत झालं. 'लोकांनी एवढं डोक्यावर घेतलं म्हणून मला चीड आली' हे माझ्याबद्दलचं. मी पहिल्याच्या नावाखाली दुसरं सांगत होते. गाजावाजा लोक करतात, त्याचं बिल चित्रपटाच्या नावावर फाडणं बरं नव्हे.

मागच्या दिवाळीत मीच लेकीला म्हटलं, "ती आगगाडी पुन्हा दाखव." तो प्रसंग आला तेव्हा ती पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होती, मी घड्याळ बघते का म्हणून. मी पाहिलं नाही. 'हाउल' मात्र मला अजूनही पटलेला नाही, आणि ते मी तिला सांगितलं. त्यावर आमचं तासभर भांडण झालं. लोटलेल्या दारापेक्षा ते कितीतरी बरं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)