टर्बोचा नट पुन्हा पुन्हा सैल का होतो?

कराडला लागूनच असलेल्या मलकापुरातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. उसाचा हंगाम सुरू झाला की या भागात ऊस भरलेल्या ट्रक-ट्रॅक्टरांची वर्दळ वाढते. शिवाय खंबाटकी आणि कुंभार्लीसारखे घाट चढून येणारी जड वाहने वर्षभर चालूच असतात. अशा रस्त्यालगतच्या गॅरेजांत एक तक्रार नेहमी ऐकू येते : "गाडी चढाला ओढत नाही, धूर काळा येतो आणि इंजिनातून शीळ घातल्यासारखा आवाज येतो." तपासणी केली की बऱ्याचदा दिसते, की टर्बोचार्जर ज्या ठिकाणी इंजिनाला जोडलेला असतो तो जोड सैल झाला आहे आणि फटीभोवती काजळीचा काळा पट्टा उमटला आहे. नट आवळून गाडी रवाना होते. महिन्याभराने तीच गाडी, तीच तक्रार!

आवळलेला नट सैल होतोच कसा? या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या विज्ञानातच दडलेले आहे. उष्णतेने होणारे प्रसरण, स्थितिस्थापकता आणि घर्षण हे तीन धडे एकत्र वाचायचे, एवढेच.

टर्बो कशासाठी?

इंजिनाने बाहेर टाकलेल्या तप्त वायूत बरीच ऊर्जा शिल्लक असते. ती वापरून एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, ही टर्बोचार्जरची कल्पना. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. जास्त हवा मिळाली की जास्त इंधन नीट जळते, त्यामुळे त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते. आपल्याकडे २००० सालापासून प्रदूषणाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले, तसा डिझेल वाहनांत टर्बो सर्रास दिसू लागला.

सर्व सिलिंडरांतील जळका वायू एकत्र आणणाऱ्या बिडाच्या नळीला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. टर्बो तिच्यावरच बसवतात, बहुधा चार स्टड आणि चार नट लावून. डिझेल गाडी घाट चढत असताना इथला वायू ६०० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो. शेजारीच टर्बोचे चक्र मिनिटाला लाखभर फेरे घेत असते. खाली इंजिन थरथरत असते. इतका छळ गाडीतल्या दुसऱ्या क्वचितच एखाद्या जोडाच्या वाट्याला येत असेल.

बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग

नट आट्यांमध्ये अडकून बसतो म्हणून जोड टिकतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण नट आवळतो तेव्हा स्टड किंचित लांब होतो. तो पूर्ववत आखूड होऊ पाहतो आणि त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. जोड टिकतो तो या दाबामुळे.

थोडे गणित करू. १० मिलिमीटर व्यासाच्या स्टडच्या आट्यांचे परिणामी क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर असते. दर चौरस मिलिमीटरवर ४०० न्यूटन ताण दिला तर बल होते सुमारे २३,००० न्यूटन, म्हणजे दोन टनांहून अधिक वजनाइतके! आता लांबी किती वाढते? पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक २ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. म्हणजे लांबीतील वाढ मूळ लांबीच्या ४०० भागिले २,००,०००, अर्थात हजारात २. स्टडचा ताणलेला भाग ४० मिलिमीटर असेल तर वाढ अवघी ०.०८ मिलिमीटर. डोक्यावरचा एक केस साधारण एवढाच जाड असतो. दोन टनांची पकड केसाच्या जाडीवर अवलंबून आहे!

केसाएवढा ताण कुठे जातो?

पहिले कारण, जोडाचे बसणे. जुनी काजळी, गंज किंवा गॅस्केट दबून ०.०४ मिलिमीटर जागा मोकळी झाली, की निम्मी पकड गेली. नट तसूभरही फिरलेला नसतो.

दुसरे कारण, असमान प्रसरण. बीड तापले की दर अंशाला लांबीच्या दशलक्षात सुमारे ११ भाग वाढते. नेहमीच्या एका जातीचे स्टेनलेस पोलाद १७ भाग वाढते. चांगला म्हणून असा स्टेनलेसचा स्टड बिडाच्या जोडाला लावला आणि दोन्ही ५०० अंशांनी तापले, तर ४० मिलिमीटर लांबीत ०.१२ मिलिमीटरचा फरक पडतो. आपला ताण होता ०.०८! म्हणजे घाटात ऐन चढावर जोड पूर्ण मोकळा. म्हणून स्टडचा धातू कंपनीने सांगितला असेल तोच घ्यावा. शिवाय अर्धा मीटर लांबीचे मॅनिफोल्डच ५०० अंशांत पावणेतीन मिलिमीटर वाढते. गाडी तापली-निवली की जोडावर आडवी ओढाताण होते.

तिसरे कारण, मंद सरकण. तापलेले पोलाद दीर्घकाळ ताणाखाली राहिले तर कायमचे लांबते आणि त्याची ओढ कमी होते. जुने स्टड पुन्हा वापरू नयेत ते यासाठी.

पकड अशी कमी झाली की कंपने आपला डाव साधतात. जर्मन अभियंते गेऱ्हार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले, की जोडाचे भाग आडवे घसरू लागले की आट्यांतील घर्षण जणू नाहीसे होते आणि नट आपणहून उलटा फिरतो.

मग करायचे काय?

"आणखी जोर लावा," हे उत्तर नव्हे. पान्यावर लावलेल्या जोरापैकी केवळ दहा-बारा टक्के जोर स्टड ताणायला लागतो. बाकीचा सगळा घर्षणात जातो. गंजलेल्या आट्यांवर पाना कितीही जड लागला तरी पकड कमीच असते, आणि अति जोराने स्टड तुटतो. नायलॉन घातलेला नट इथे वितळतो. साध्या स्प्रिंग वॉशरचा ताव उष्णतेने उतरतो.

योग्य क्रम असा : इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. दोन्ही पृष्ठे घासून स्वच्छ करावीत. पट्टी ठेवून ती सपाट आहेत का, हे फीलर गेजने पाहावे. गॅस्केट, स्टड व नट नवे, ठरवलेल्या जातीचेच लावावेत. नट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्याइतकेच आवळावेत. टर्बोला आधाराची पट्टी असेल तर ती परत बसवावी, नाहीतर सगळे वजन स्टडवर येते. पत्र्याचे कान वाकवून नट अडवणारी कुलूपपट्टी नटाचे फिरणे थांबवते, पण गेलेला ताण परत आणत नाही. हा फरक लक्षात ठेवावा. काही जड इंजिनांत नटाखाली जाड नळकांडे घालून मुद्दाम लांब बोल्ट वापरतात. त्याचे रहस्य पुढच्या प्रयोगात आहे.

हे सारे केवळ गाडीच्या ओढीसाठी नाही. फटीतून निघणारा तप्त वायू शेजारची तेलाची नळी किंवा वायर जाळू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो. काजळीचा पट्टा दिसला की दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

वर्गात करून पाहा

एक रबरबँड ताणकाट्याला अडकवून ५ सेंटिमीटर ताणा आणि बल वाचा. आता तसेच दोन रबरबँड एकमेकांत गुंफून साखळी करा व काट्यावर तेवढेच बल येईपर्यंत ताणा. ती सुमारे १० सेंटिमीटर ताणावी लागेल. दोन्ही वेळा ताण २ सेंटिमीटरने कमी करा. एकट्या रबरबँडचे बल सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते, साखळीचे वीसच टक्क्यांनी. रबर स्प्रिंगइतके नियमित वागत नाही, म्हणून आकडे थोडे मागेपुढे होतील. पण लांब बोल्ट का टिकतो, हे विद्यार्थ्यांना स्वतःच सांगता येईल. मग त्यांना एक हिशेब द्या : स्टडचा ताणलेला भाग ४० ऐवजी ८० मिलिमीटर असेल आणि जोड तेवढाच, ०.०४ मिलिमीटर बसला, तर पकड किती उरेल?